कोठाराच्या पोकळीचा हिशेब

धान्याची खोली बांधावयास काढणारा शेतकरी गवंड्यास पहिला प्रश्न करतो तो, "यात माल किती बसेल?" हा. गवंडी लांबी, रुंदी व उंची यांचा गुणाकार करतो, मनाशी काही पुटपुटतो आणि एक मोठा आकडा सांगतो. तो आकडा ऐकून मालक संतुष्ट होतो. पुढे सुगी आली म्हणजे त्या आकड्याची परीक्षा होते व बहुधा तो खोटा ठरतो.

ही परीक्षा आम्ही स्वतः एकदा दिली आहे. आमच्या भावकीतील तिघांचा मिळून सुमारे ३५० क्विंटल गहू एका जागी ठेवता यावा म्हणून आम्ही आतून २० फूट लांब, १५ फूट रुंद व १२ फूट उंच अशी खोली बांधविली. तिचे घनफळ ३,६०० घनफूट. एका घनफुटात सुटा गहू साधारण २२ किलो मावतो. गुणाकार केला तेव्हा ७९२ क्विंटल आले. म्हणजे माल ठेवून वर निम्मी खोली मोकळी राहील असे आम्ही समजलो आणि एका बाजूस पेरणीयंत्र ठेवण्याचाही बेत केला. प्रत्यक्ष पोती लावू लागलो तेव्हा २२० क्विंटलांच्या आसपास खोली भरली. उरलेली पोती ओसरीवर व अंगणात ताडपत्रीखाली राहिली. तिसऱ्या रात्री अवकाळी पाऊस व गारा आल्या. खालच्या थरातील पोत्यांस बुरशी धरली व तो गहू पडेल त्या भावाने द्यावा लागला. गवंड्यास दोष देण्यात अर्थ नव्हता, कारण गुणाकार आम्हीही केला होता आणि तो बरोबर होता. चूक एवढीच की इमारतीचे घनफळ म्हणजे मालाची जागा असे आम्ही धरून चाललो. इमारतीचा बहुतेक भाग पोकळ राहतो. ती पोकळी कोठे असते, ती कशी मोजावी, आणि तीतील कोणती वाया गेलेली व कोणती अवश्य राखावयाची, याचा विचार या लेखात करावयाचा आहे.

प्रथम भिंतींविषयी, कारण जमीन आखताना जे माप धरले जाते ते बहुधा बाहेरचे असते. जुन्या वाड्यांच्या दोन-दोन फूट रुंदीच्या दगडमातीच्या भिंती पुष्कळांनी पाहिल्या आहेत. बाहेरून ३० फूट लांब व २० फूट रुंद अशा इमारतीचे क्षेत्र ६०० चौरस फूट होते. भिंती दोन फुटी असतील तर आत २६ बाय १६, म्हणजे ४१६ चौरस फूटच उरतात. सुमारे एकतीस टक्के जागा भिंतींनी घेतली. त्याच मापात नऊ इंची विटांची भिंत घातली तर आत ५२७ चौरस फूट मिळतात व भिंतीकडे बारा टक्केच जातात. जाड भिंतीचा थंडाव्याच्या दृष्टीने उपयोग आहे हे आम्ही नाकारीत नाही. तथापि जागा थोडी असेल तेथे हा फरक लक्षात घ्यावा.

आता आतील खोलीकडे वळू. पोती भिंतीस टेकवून लावू नयेत हे सर्वांस ठाऊक आहे, पण पाळतात थोडे. भिंतीतून ओल येते, उंदरांस आडोसा मिळतो, आणि मागील बाजूस कीड पडली तर ती दिसत नाही. म्हणून चोहोंकडून निदान दोन फूट जागा मोकळी ठेवावी लागते. आमच्या खोलीत चारी बाजूंस दोन फूट सोडल्यावर १६ बाय ११ उरले. मध्ये माणूस पाठीवर पोते घेऊन जाईल इतकी तीन फुटांची वाट ठेवली, तेव्हा १३ बाय ११, म्हणजे १४३ चौरस फूट एवढ्याच जमिनीवर थप्पी उभी राहिली. थप्पीची उंची आठ फूट. याहून वर पोती चढविणे माणसांस अवघड व खालच्या पोत्यांस जड. १४३ गुणिले ८ म्हणजे १,१४४ घनफूट. येथेच ३,६०० पैकी दोन-तृतीयांशांहून अधिक जागा हातची गेली, व ती वाटा, कडा आणि छताखालची हवा यांत गेली.

शिवाय थप्पी म्हणजेही सगळे धान्य नव्हे. भरलेल्या पोत्याच्या कडा गोल असतात, त्यामुळे पोत्यापोत्यांत सांदी राहतात; तळाशी लाकडी फळ्या किंवा बांबूची चटई घालावी लागते. आम्ही आपल्या हिशेबात या सांदींसाठी थप्पीचा आठवा भाग धरतो. ज्यास अधिक खात्री हवी असेल त्याने दहा पोती रचून त्यांची लांबी, रुंदी व उंची मोजावी आणि पोत्यांतील धान्याचे वजन त्या घनफुटांशी ताडून पाहावे. अर्ध्या तासाचे काम आहे. आठवा भाग वजा जाता सुमारे १,००० घनफूट गहू उरला. त्याचे २२० क्विंटल. जो आकडा आम्हांस त्या सुगीत पोती मोजून कळला, तो आधी कागदावरच मिळू शकला असता.

यापुढील पोकळी डोळ्यांस दिसत नाही, आणि पुष्कळांच्या लेखी ती नाहीच. ती दाण्यादाण्यांमधील होय. हिचे माप घेण्याची एक सोपी रीत आहे. १० लिटरांची बादली गव्हाने काठोकाठ भरून काठ सपाट करावा. त्यात साधारण ७.८ किलो गहू बसतो. दुसऱ्या मोठ्या भांड्यात बरोबर १० लिटर पाणी घेऊन पाण्याच्या पातळीवर खूण करावी. त्यात तो सर्व गहू ओतून हाताने चटकन ढवळावा, म्हणजे दाण्यांस चिकटलेली हवा निघून जाईल. वर येणारी पातळी पाहिली तर दोन्ही मिळून २० लिटर न होता १६ लिटरांच्या जवळपास होतात. जे ४ लिटर कमी पडले तीच बादलीतील हवा. म्हणजे काठोकाठ भरलेल्या गव्हाच्या बादलीत शंभरांपैकी चाळीस भाग पोकळ असतात. हे काम दोन-तीन मिनिटांत आटोपावे, नाहीतर दाणा पाणी पिऊन फुगतो व माप चुकते. उलट क्रमाने, म्हणजे धान्याच्या बादलीत वरून पाणी ओतून, हा प्रयोग करू नये. खालची हवा अडकून राहते आणि पोकळी कमी दिसते.

ज्वारी, तूर, सोयाबीन यांचा आकडा गव्हाच्या थोडा मागेपुढे येतो. साळीचा मात्र बराच अधिक, जवळजवळ निम्मा. कारण तूस खरखरीत व दाणा लांबट. यास्तव एका घनफुटात साळ सोळा-सतरा किलोच मावते.

येथे वाचकांच्या मनात एक शंका येणे स्वाभाविक आहे. मोहरीचा दाणा बारीक, हरभऱ्याचा मोठा. तेव्हा मोहरीत पोकळी कमी असली पाहिजे. तसे नाही. सारख्या आकाराचे गोल दाणे बारीक असोत की मोठे, सहज ओतले असता त्यांतील पोकळी शेकडा ४० च्या आसपासच राहते, आणि भांडे आपटून बसविले तर ३६ पर्यंत उतरते. जर्मन ज्योतिषी केप्लर याने १६११ साली असे अनुमान मांडले होते की, सारखे गोल कितीही कौशल्याने रचले तरी फळवाल्याच्या राशीहून दाट रचना होणार नाही. त्या राशीत शेकडा ७४ भाग भरलेले व २६ पोकळ असतात. फळवाले हे रोज करीत आले, पण गणिताने सिद्ध होण्यास जवळजवळ चारशे वर्षे लागली. टॉमस हेल्स या अमेरिकन गणितज्ञाने १९९८ साली ती सिद्धता जाहीर केली. गंमत अशी की, याच आडनावाच्या एका इंग्रज पाद्र्याने, स्टीफन हेल्स याने, १७२७ साली छापलेल्या आपल्या वनस्पतिविषयक ग्रंथात वाटाण्यांचा एक प्रयोग दिला आहे. त्याने लोखंडी भांड्यात वाटाणे व पाणी घालून वरच्या झाकणावर जड वजन ठेविले. वाटाणे फुगले, पण झाकण उचलू शकले नाहीत. तेव्हा त्यांनी मधली पोकळी भरून काढली व एकमेकांवर दाबले जाऊन त्यांस सपाट पैलू पडले. पुढे याच गृहस्थाने कोठारात व जहाजांत हवा खेळविण्याची यंत्रे काढली. वाटाण्याचा प्रयोग आपल्या कामाचा अशासाठी की, कोठीत पाणी शिरले असता दाणा प्रथम पोकळी भरतो व मग भिंतीवर जोर करतो. भिजलेल्या हरभऱ्याने कोठीचा पत्रा फुगविला तर त्यात नवल नाही.

पोकळीचा हिस्सा सारखा असला तरी तिच्या वाटा सारख्या नसतात. मोहरीतील चाळीस भाग असंख्य केसासारख्या नळ्यांत वाटलेले असतात, म्हणून तीतून हवा मोठ्या कष्टाने जाते. कांद्याच्या राशीतील चाळीस भाग बोट शिरेल एवढ्या मोकळ्या वाटांचे असतात. आणि दाणे जेव्हा लहानमोठे मिसळलेले असतात, तेव्हा पोकळीचा हिस्साही घटतो. खडीत वाळू मिसळली म्हणजे ढीग वाढत नाही हे बांधकामावर आपण पाहतोच. तोच प्रकार धान्यात चुरा, माती व फुटके दाणे यांचा होतो. सुटे धान्य एकाच जागी वरून ओतले असता बारीक चुरा धारेखाली मध्यभागी साचतो आणि चांगला दाणा कडेस घरंगळतो. मधला तो खांब हवेस बंद होतो. रास तापू लागते ती बहुधा तेथूनच. धान्य उफणून व चाळून भरावे असे वडील मंडळी सांगत, ते केवळ स्वच्छतेसाठी नव्हे.

सुट्या राशीचा अदमास घेण्याचे एक सूत्र येथेच देऊन ठेवतो. खळ्यावरील गोल राशीच्या बुडाचा घेर दोरीने मोजावा, घेराचा वर्ग करून त्यास साडेबाराने भागावे, म्हणजे बुडाचे क्षेत्र येते. त्यास उंचीने गुणून तिसरा हिस्सा घ्यावा. घेर ३० फूट व उंची २.४ फूट असेल तर ९०० भागिले १२.५ म्हणजे ७२, त्यास २.४ ने गुणून तीनने भागता ५७-५८ घनफूट, म्हणजे साडेबारा क्विंटलांच्या आसपास गहू. चौरस खोलीच्या मध्यावर ओतलेली रास चारी भिंतींस जेमतेम टेकली, तर राशीच्या उंचीएवढ्या थरातही चतुर्थांशाहून थोडाच अधिक भाग भरलेला असतो. म्हणून सुटे धान्य खोलीत टाकणाऱ्याने ते फावड्याने सपाट केलेच पाहिजे.

येथवर पोकळी म्हणजे तोटा असे आम्ही बोलत आलो. कांद्याच्या चाळीत गोष्ट उलटी आहे. नाशिककडील शेतकरी उन्हाळी कांदा एप्रिल-मे महिन्यांत काढून पावसाळाभर, पुष्कळदा दिवाळीपर्यंत, चाळीत राखतो. दोन ओळींची एक चाळ हिशेबास घेऊ. लांबी ४० फूट. दोन्ही बाजूंस चार-चार फूट रुंदीच्या ओळी व मध्ये पाच फुटांची वाट, मिळून रुंदी १३ फूट. तळ जमिनीपासून दोन फूट उचललेला, तळापासून पाखाडीच्या कडेपर्यंत आठ फूट, आणि त्यावर आढ्यापर्यंत तीन फूट. कांद्याचा थर पाच फुटांहून उंच करीत नाहीत; त्याहून चढविल्यास खालचा कांदा दबतो व उबतो. दुपाखी छपराचे घनफळ चौकोनी पेटीच्या निम्मे धरावयाचे, म्हणजे १३ गुणिले ३ गुणिले ४० यांचे निम्मे, ७८० घनफूट. तळाखालची मोकळी जागा १,०४०, मधली वाट कांद्याच्या उंचीपर्यंत १,०००, कांद्यावरून पाखाडीच्या कडेपर्यंत १,५६०. कांद्याच्या दोन ओळी मिळून १,६००. सर्वांची बेरीज ५,९८० घनफूट. त्यात १,६०० घनफूट कांदा म्हणजे सत्तावीस टक्के. एका घनफुटात कांदा सोळा किलो धरला तर २५६ क्विंटल होतात. पंचवीस टनांची चाळ म्हणतात ती अशी.

आता त्या १,६०० घनफुटांतही चाळीस टक्के हवा. तीही वजा केली तर निव्वळ कांदा ९६० घनफूट, म्हणजे सगळ्या चाळीचा सहावा हिस्सा. ज्या चाळीस आपण भरलेली म्हणतो तिचे सहांपैकी पाच भाग वारा आहे. आमच्या गव्हाच्या खोलीतही निव्वळ दाणा सहाशे घनफुटांच्या आसपास, म्हणजे सहावा हिस्साच होता. आकडा एकच आला हा योगायोग होय, त्यावरून नियम करू नये. गव्हाच्या खोलीतील छताखालची चार फूट हवा आम्हांस काही देत नव्हती. चाळीतील तळाखालची दोन फूट हवा मात्र काम करते. ती खालून आत शिरते, कांद्याच्या सांदींतून वर चढते व त्याची ऊब आणि बाष्प घेऊन बाहेर पडते. तळाखाली जागा मोकळी दिसते म्हणून तेथे फळ्या, ठिबकाच्या नळ्या व रिकामी खोकी कोंबणारे शेतकरी आम्ही पाहिले आहेत. त्यांनी जागा वाचविली आणि कांदा सडविला. तसेच गोल्टी, पातीचे तुकडे व मातीची ढेकळे न निवडता चाळ भरली असता वर सांगितलेला खडी-वाळूचा न्याय लागू होतो. सांदी बुजतात आणि एका सडक्या कांद्याची ओल शेजारच्यांत मुरते. निवडीची मजुरी वाचविणाऱ्याने ती पुढे सड वेचण्यात देण्याची तयारी ठेवावी.

कांद्यावरही पाण्याचा प्रयोग होतो, परंतु बादलीत नव्हे. भांडे लहान व माल मोठा असला म्हणजे भिंतीलगतची पोकळी फार धरली जाते व आकडा फुगतो. दोनशे लिटरांचे पिंप घ्यावे. कांदा पाण्यावर तरंगतो, म्हणून वरून जाळी दाबून तो बुडवावा लागतो. भिजलेला कांदा अर्थात साठवणीस घालू नये.

पेवाचा न्याय तिसराच आहे. तेथे पोकळी जितकी कमी तितकी बरी. ज्वारीने भरलेले ३०० घनफुटांचे पेव घेतले तर त्यात दाण्यांमधील हवा सुमारे १२० घनफूट, आणि तीत प्राणवायू पाचवा हिस्सा, म्हणजे २४ घनफूट. तोंड बंद केल्यावर धान्य व कीड दोन्ही त्या २४ घनफुटांवर श्वास घेतात; तो संपला की किडीची वाढ थांबते व बरीचशी मरते. पेवातील धान्य टिकण्याचे रहस्य यातच आहे. म्हणून पेव अर्धे भरून बंद करू नये. वरची रिकामी जागा किडीस जादा हवा पुरविते व तिच्या छतावर बाष्प साचून वरचा थर कुजतो.

जे किडीस लागू तेच माणसास लागू. पेव उघडल्याबरोबर आत उतरलेला माणूस क्षणात बेशुद्ध पडतो. त्यास काढण्यास उतरलेला दुसराही परत येत नाही. आत प्राणवायू नसतो आणि त्याच्या जागी कर्बवायू साचलेला असतो. तो हवेहून जड असल्यामुळे आपण होऊन वर येत नाही. हरिपुरास सांगलीजवळ हळदीची पेवे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. अशा ठिकाणचे जाणते लोक पेव उघडून पुष्कळ वेळ मोकळे ठेविल्याखेरीज कोणास उतरू देत नाहीत. कंदील सोडून पाहण्याची चाल जुनी आहे. तो विझला तर उतरू नये हे खरेच. परंतु तो जळत राहिला म्हणून उतरावे असे मात्र समजू नये, कारण कर्बवायू माणसास घातक झाला तरी दिवा काही काळ जळत राहतो. पंख्याने हवा घालावी, कंबरेस दोर बांधावा, आणि दोर धरणारी दोन माणसे वर असावीत. वरून बादलीने माल काढणे शक्य असेल तेथवर कोणी उतरूच नये.

धुरीच्या औषधाचाही संबंध पोकळीशीच आहे. त्याचा वायू खोलीतील मोकळ्या हवेत व दाण्यांमधील हवेत सारखाच पसरतो. अर्ध्या रिकाम्या खोलीत धुरी दिली तर त्यातील पुष्कळसा वायू रिकाम्या जागेतच राहतो. म्हणून थप्पीवर वायुबंद कापड घालून तेवढ्यापुरतीच धुरी देतात. हे काम प्रशिक्षित व परवाना असलेल्या माणसाचे आहे. ज्या घरात माणसे निजतात, त्या घरात किंवा भिंतीस भिंत लागून असलेल्या खोलीत ही धुरी मुळीच देऊ नये. भिंतीच्या भेगांतून वायू पलीकडे जातो व झोपलेल्यांस कळतही नाही.

ज्या खोलीत थप्प्या सरळ नसून थोडी पोती, थोडी पेंड, एका कोपऱ्यात औजारे असा संसार आहे, तिची पोकळी कशी काढावी? प्रत्येक वस्तू मोजीत बसणे नको. फ्रान्समधील देलेस नावाच्या खाणशास्त्रज्ञाने १८४७ साली दाखविले की, दगड कापून त्या कापावर एखाद्या खनिजाने जितका हिस्सा व्यापलेला दिसतो, तितकाच हिस्सा त्याने सगळ्या दगडात व्यापलेला असतो. १८९८ मध्ये व्हिएन्नाच्या रोझिवाल याने त्याच तत्त्वावर, नुसत्या रेघा ओढून रेघेचा किती भाग खनिजावर पडतो एवढेच मोजले, आणि उत्तर तेच आले. ही युक्ती कोठारास जशीच्या तशी लागते. रेघेच्या जागी उभा बांबू धरावयाचा.

बांबूवर फुटाफुटाच्या खुणा कराव्यात. खोलीच्या जमिनीचे सारखे चौकोन कल्पावेत. आमच्या खोलीत पाच फुटांचे बारा चौकोन होतात. प्रत्येक चौकोनाच्या मध्यावर बांबू उभा धरून त्याचे किती फूट मालाआड येतात ते लिहावे. माल फळीवर असेल तर फळीखालचा रिकामा भाग सोडून द्यावा. एकदा आम्हांस असे आकडे मिळाले: पहिल्या ओळीत ८, ८, ०, ८, दुसरीत ६, ०, ०, ५, तिसरीत ८, ८, ०, ३. बेरीज ५४. खोली बारा फूट उंच व ठिकाणे बारा, म्हणून एकंदर उंची १४४ फूट. ५४ भागिले १४४ म्हणजे साडेसदतीस टक्के भरलेली, साडेबासष्ट टक्के रिकामी. एका चौकोनाचे क्षेत्र २५ चौरस फूट असल्यामुळे ५४ गुणिले २५ म्हणजे १,३५० घनफूट सामान आहे हेही त्याबरोबरच कळले. दुपाखी छप्पर असेल तेथे प्रत्येक ठिकाणची छपरापर्यंतची उंची निराळी मोजून तिची बेरीज घ्यावी.

या रीतीत एक खाचखळगा आहे. बारा ठिकाणे थोडी आहेत, आणि चौकोनांचे मध्य नेमके वाटेवर आले तर खोली आहे त्याहून रिकामी भासेल. वरील आकड्यांत तिसरा उभा रकाना सगळा शून्य आहे हे वाचकांच्या लक्षात आले असेल. तीच आमची वाट. म्हणून सर्व ठिकाणे अडीच-अडीच फूट सरकवून दुसऱ्यांदा मोजावे व दोहोंची सरासरी घ्यावी. दोन मापांत फार तफावत पडली, तर चौकोन लहान करावेत.

आता नवी खोली बांधणाऱ्याने हिशेब उलट्या बाजूने करावा, म्हणजे खोलीपासून मालाकडे न जाता मालापासून खोलीकडे यावे. समजा १५० क्विंटल गहू ठेवावयाचा आहे. १५,००० किलोंस २२ ने भागता ६८२ घनफूट. पोत्यांच्या सांदींसाठी त्याचा सातवा हिस्सा वाढवावा, म्हणजे मिळून ७८० होतील. आठवा हिस्सा वजा करणे आणि सातवा वाढविणे हे एकच, यात गोंधळू नये. आठ फूट उंच थप्पीस साडेसत्त्याण्णव चौरस फूट बूड लागते. ११ बाय ९ ची एक थप्पी पुरते. तीन बाजूंस दोन-दोन फूट व दाराच्या बाजूस तीन फूट सोडले म्हणजे खोली आतून १६ बाय १३ झाली. नऊ इंची भिंत धरून बाहेरचे माप साडेसतरा बाय साडेचौदा, म्हणजे सुमारे २५४ चौरस फूट. उंची दहा फूट पुष्कळ झाली. थप्पीवर दोन फूट हात फिरावयास राहतात. ज्वारीस हाच हिशेब घनफुटास वीस किलो धरून करावा व साळीस सोळा धरून. बियाणे निराळे ठेवावयाचे असेल तर त्यास दुसरी थप्पी व मध्ये निराळी वाट लागेल, ती खोली आखतानाच धरावी. मागाहून ती वाट इतर मालाच्या जागेतून काढावी लागते.